उजव्या बाहीतला दाणा

या पानावर लोक लिहितात ते अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे... पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचतो. कुणाला विहिरीवर बाई दिसली की मी आधी बघतो, उजेड कुठल्या बाजूने होता, सांगणारा जेवलेला होता की उपाशी, सोबतचा माणूस नक्की काय म्हणाला. बहुतेक वेळा कुठेतरी धागा सुटलेला सापडतो आणि मला बरं वाटतं. त्यामुळे स्वतःचा अनुभव लिहायला बसताना जरा लाजच वाटते आहे. माझ्यासारखे संशयी लोक इथे असतील तर त्यांनी जरूर चुका काढाव्यात. मी स्वतः काढून थकलो.

मी बीड जिल्ह्यातला, धारूरचा. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षांना भरारी पथकात असतो. आमच्या भागात भरारी पथक म्हणजे काय ते सांगायला नको. खिडकीतून येणाऱ्या चिठ्ठ्या, बुटातल्या, वेणीतल्या, आणि सगळ्यात जास्त म्हणजे शर्टाच्या दुमडलेल्या बाहीतल्या. या कामाने मला एक सवय लावली. मी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघतो. आणि चिठ्ठी सापडली की प्रत्येक पोराचं वाक्य एकच असतं — "सर, आईशप्पथ, ही कुठून आली मला म्हाईत न्हाई." या वाक्यावर मी आजवर एकदाही विश्वास ठेवलेला नव्हता.

दुसरी सवय. वर्गात शिरायच्या आधी मी स्वतःच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत घट्ट दुमडून घेतो आणि दोन्ही तळहात पोरांना दाखवतो. सरांनीच चिठ्ठी टाकली असं उद्या कुणी म्हणायला नको. ही सवय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझी मुलगी मेघा नर्स आहे. इटलीत, रोमच्या एका हॉस्पिटलमध्ये. तिची आई ती लहान असतानाच गेली. मग तिला वाढवलं माझ्या मोठ्या बहिणीने, आक्काने. आक्का तरुणपणीच विधवा झालेली, बरीच वर्षं ऊसतोडीला जायची, नंतर कोयता खाली ठेवून आमच्याकडेच राहायला आली. शाळा कधी पाहिली नाही, पण घरात शब्द तिचाच चालतो.

गेल्या वर्षी मेघाने फोनवर सांगितलं की तिला लग्न करायचंय. मुलगा तिच्याच हॉस्पिटलमध्ये नर्स. जोबी नावाचा. केरळचा, ख्रिश्चन. जात-धर्माचं नाव मी पुढे केलं नाही, शिकलेल्या माणसाला ते शोभत नाही म्हणून. पण मन आतून अडून बसलं होतं हे इथे लिहायला हरकत नाही. मी म्हणालो, चौकशी कशी करायची?

आमच्याकडे सोयरीक म्हणजे आधी चौकशी. घरातला एक जण पोराच्या गावाला जातो, स्टँडवरच्या हॉटेलात चहा पितो, पिठाच्या गिरणीत बसतो, न्हाव्याकडे दाढी करून घेतो, आणि संध्याकाळपर्यंत पोराच्या सात पिढ्यांची हकीकत घेऊन परत येतो. रोममध्ये मी कुठल्या गिरणीत जाऊन बसणार होतो? पोरगं मागे काय सोडून आलंय, आधीचं काही लफडं आहे का, पितो का, मारकं आहे का... कोण सांगणार? मी हेच मेघाला विचारलं. ती म्हणाली, "अण्णा, मी सांगते की." पण ज्याला परीक्षा द्यायची त्यालाच पेपर तपासायला देत नाहीत, असं माझं उत्तर होतं.

शेवटी ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही आणि आत्या नाही म्हणालात तर मी हे लग्न करणार नाही. पण मग दुसरंही करणार नाही. आणि इथून परतही येणार नाही." धमकी नव्हती ती. तिचा आवाज मी ओळखतो.

मी सरळ पळवाट काढली. म्हटलं, आत्या म्हणेल ते. मला खात्री होती, आक्का नाही म्हणेल. नकार मला हवा होता, फक्त तो माझ्या तोंडून जायला नको होता.

आमच्या घरात सोयरीक ठरण्याआधी डोंगरावरच्या भैरोबाला कौल लावतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — गुरव ज्वारीचे दोन दाणे देतो, एक कुंकवाने लाल केलेला, एक हळदीने पिवळा. लाल दाणा देवाच्या उजव्या अंगाला नुसत्या पाण्याने चिकटवायचा, पिवळा डाव्या. प्रश्न मनात धरायचा आणि बसून राहायचं. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. मी हे लहानपणापासून बघत आलो आणि पाण्याचा पृष्ठताण, दगडाचा उतार, गुरवाचा अंगठा असं सगळं मनात मांडत आलो. माझ्या स्वतःच्या लग्नालाही कौल लावला होता. उजवा पडला होता. मी तेव्हाही गुरवाकडेच बघत होतो.

तर मला वाटलं आक्का भैरोबाला जाईल, काय ते होईल, विषय संपेल. पण आक्काने डोकं चालवलं.

"पोरगा त्यांच्या देवाचा हाय ना," ती म्हणाली, "मग कौल बी त्यांच्याच देवाला लावायचा. आपला भैरोबा आपल्याच बाजूनं बोलंल. त्यांचं सगळ्यात मोठं ठाणं कुठं हाय?"

मेघाने फोनवरून सांगितलं की व्हॅटिकन. तिच्या घरापासून बसने जाता येतं. एक छोटा वेगळा देशच आहे तो, पोप राहतात तिथे.

झालं. परीक्षा आटोपल्या, पासपोर्ट-व्हिसा झाला आणि मे महिन्यात ज्या बाईने उसाच्या ट्रॅक्टरशिवाय लांबचा प्रवास केला नव्हता ती नऊवारी नेसून विमानात बसली. पदराच्या गाठीत भैरोबाच्या गुरवाने दिलेले दोन दाणे. ही गोष्ट तेव्हा मला माहीत नव्हती. मला वाटलं होतं ती तिथे जाऊन हात जोडेल, आणि तिच्या मनाला काय वाटतं तो कौल.

रोममध्ये आधी जोबीला भेटलो. मी त्याच्या हातांकडे बघितलं. स्वच्छ, नखं कापलेली, चहा ओतताना न थरथरणारे. ही जमेची बाजू मी लगेच खोडून काढली — नर्सचे हात असे असणारच. तो जेवताना आक्काच्या हातची भाकरी मोडून खात होता आणि मेघाने शिकवलेलं "लई भारी" म्हणत होता. मला तेही शिकवून ठेवलेलं उत्तर वाटलं. आक्का त्याला परत परत वाढत राहिली. आक्काला फितवतोय का हा, असं मला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. मी, आक्का आणि मेघा. जोबीची ड्युटी होती, तो दुपारनंतर व्हॅटिकनच्या चौकात येऊन भेटणार होता. शर्ट मी स्वतः इस्त्री केला होता. हेही लक्षात ठेवा.

चौकाच्या तोंडाशी जमिनीत दगडाची एक पांढरी रेघ आहे. मेघा म्हणाली, ही ओलांडली की आपण दुसऱ्या देशात. आक्का थांबली. खाली वाकून रेघ बघितली.

"नुसती रेघ? बांध न्हाई?"

मेघा म्हणाली, नाही.

"मग कोरत कावून न्हाई कुणी?" आमच्याकडे बांध कोरण्यावरून पिढ्यान्पिढ्या कोर्टात गेल्या आहेत, त्यामुळे तिचा प्रश्न रास्त होता. मी तिला सांगितलं की सगळा देश मिळून शंभर-सव्वाशे एकर भरेल. आमच्या एखाद्या पुढाऱ्याची जमीन याहून जास्त निघेल. आक्काला हे पटलं नाही. एवढ्याशा रानात एवढा मोठा देव कसा राहतो, ती म्हणाली. पुढे फाटकावर ते पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातले, हातात भाला घेतलेले पहारेकरी दिसले, तेव्हा तिने मला हळूच विचारलं की बँडवाले हायेत का, कुणाचं लगीन हाय. मेघा खूप दिवसांनी खळखळून हसली. आज काहीही झालं तरी हे हसणं मी घालवायला आलो होतो.

मोठी रांग, मग बॅगा तपासणं. माझ्यासारख्या माणसाला ते आवडलंच. चर्चच्या आत शिरायच्या आधी आक्काने मला बाजूला घेतलं आणि पदराची गाठ सोडून दाणे दाखवले. मी चमकलो. मेघाही चमकली, तिला खरंच माहीत नव्हतं, तिचा चेहरा उतरला होता.

"गुरवानं दिलेत," आक्का म्हणाली. "लाल दाण्याला कीड लागलीया, बारीक भोक हाय बघ. पण देवाच्या पुढचा दाणा बदलत न्हाईत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्या डोळ्याला धूसर दिसतंय. बघायचं तुझ्याकडं. तू कुणाचं ऐकत न्हाईस, कुणावर भरवसा ठेवत न्हाईस, म्हणून तूच बघायचं. तू सांगशील ते मी मानीन. पोरीनं बी मानायचं."

मेघाने मान हलवली. दुसरं काय करणार होती ती.

मला राग आला, हसूही आलं. पण मग माझ्यातला पथकवाला जागा झाला. पर्यवेक्षक म्हणून नेमलंय ना, मग चोख काम करू. मी तिथेच बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. नेहमीसारख्या घट्ट, एकावर एक घड्या. प्रत्येक घडी बोटाने दाबून. आणि दोन्ही तळहात आक्काला आणि मेघाला दाखवले.

आतल्या भव्यतेबद्दल मी लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. आक्का वर बघत चालत होती आणि मेघाने तिचा दंड धरला होता. चालत आम्ही एका मूर्तीपाशी आलो. काळसर ब्राँझची, खुर्चीवर बसलेली, एका हातात किल्ल्या. मेघाने सांगितलं की हे संत पीटर, यांच्याकडे स्वर्गाच्या किल्ल्या असतात. आक्काला ते लगेच कळलं. ज्याच्याकडं किल्ल्या त्यालाच इचारायचं, ती म्हणाली.

मूर्ती उंच चौथऱ्यावर आहे. खांदे, गुडघे काही हाताला लागत नाहीत. लागतात फक्त पाय. उजवं पाऊल चौथऱ्याच्या कडेला पुढे आलेलं, डावं जरा मागे. आणि जगभरातून आलेले लोक रांगेने त्या उजव्या पावलाला हात लावून पुढे जातात. शतकानुशतकं लावतायत म्हणे. पावलाची बोटं झिजून गेलीयेत, नुसता गुळगुळीत गोटा राहिलाय.

आता माझं डोकं कुठे गेलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. उजव्या पायाला दर क्षणाला कुणीतरी हात घासतंय. तिथे पाण्याने चिकटवलेला दाणा किती टिकणार? पहिल्याच हाताला पडणार. म्हणजे होकार आधीच ठरलेला. सरळ सरळ फुटलेला पेपर!

मी आक्काच्या कानाशी म्हणालो की हे चालणार नाही. उजव्याला सगळे हात लावतात, डाव्याला कुणी शिवत नाही, हा कौल झाला का?

"लावू दे," आक्का म्हणाली. "त्याला पडायचं नसंल तर कोण पाडतंय?"

मी मेघाकडे संशयाने बघितलं. हिने सांगून ठेवलं असणार. ती नुसती माझ्याकडे बघत होती, घाबरलेली. नसेल तिने, तर त्या जोबीने. फोनवर आक्काशी बोलायचा तो, मोडक्या हिंदीत. त्याला ही मूर्ती ठाऊक असणारच. मी मनातल्या मनात त्याला पकडलं आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. आता मला उघड नाही म्हणता येणार होतं. कौल पडला की मी सांगणार होतो की कॉपी झाली, केंद्र रद्द.

आक्काची पाळी आली. तिने लहान बाटलीतलं पाणी बोटावर घेतलं, लाल दाणा उजव्या पावलावर, बरोबर अंगठा असायला हवा त्या जागी ठेवला. हात लांब करून पिवळा डाव्यावर. कुणाला काही कळलं नाही. लोकांना वाटलं असेल म्हातारी पाया पडतेय. ती डोळे मिटून क्षणभर उभी राहिली आणि बाजूला झाली. मी रांगेच्या कडेला, मूर्तीपासून थोडा लांब, अशा जागी उभा राहिलो की दोन्ही पावलं आणि येणारा प्रत्येक हात दिसावा. मूर्तीला मी हात लावला नाही. आधीही नाही, नंतरही नाही.

पुढची बाई आली, पांढऱ्या केसांची. तिने तळवा पावलावर ठेवला, डोळे मिटले, हात काढला.

दाणा तिथेच.

मला वाटलं नेमका बोटांच्या फटीत आला असेल. मग एक जाडजूड माणूस आला. त्याने पाऊल चांगलं चोळलं, आमच्याकडे पैलवानाची मांडी चोळतात तसं. दाणा तिथेच. एका आईने कडेवरच्या लेकराचा हात त्यावर आपटला. नन आल्या. शाळेची सहल आली, पोरींनी हसत हसत हात फिरवले. एकीने रुमालाने पाऊल पुसलं आणि तो रुमाल कपाळाला लावला. प्रत्येक हात उचलला गेला की मला खाली तो लाल ठिपका दिसायचा. मी प्रत्येकाच्या तळव्याकडे बघत होतो. डोळ्यांत पाणी आलं तरी पापणी मिटत नव्हतो.

पाणी तर केव्हाच वाळलं असणार. मग चिकटून कशाने राहिला होता? गोंद? आक्काने गोंद लावला असता तर ती हरली असती, कारण तिला तर पडायला हवा होता... हवा होता ना? तिथे उभ्या उभ्या मला पहिल्यांदा शंका आली की आक्काला नक्की काय हवंय हे मला माहीतच नाही. आणि डावा? डाव्याला कुणी शिवत नव्हतं, तो पिवळा दाणाही तसाच होता.

मला भीती वाटली. विज्ञानाच्या माणसाला लिहायला बरं वाटत नाही, पण भीतीच ती.

आम्ही बराच वेळ रेंगाळलो म्हणून काळ्या कोटातला एक सेवक आला आणि हाताने पुढे व्हा अशी खूण करू लागला. मी पुरावा म्हणून मोबाईलने झूम करून फोटो काढला. दोन पावलं, दोन दाणे. मग आम्हाला हलावंच लागलं. वळणावरून मी शेवटचं बघितलं. लाल ठिपका होता.

"कंचा पडला?" आक्काने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं, दोन्ही बाजूंनी. पण मी खरं सांगितलं. कुठलाच नाही.

आक्का चालता चालता थांबली. "मग त्यो बोलला न्हाई," ती म्हणाली. "न बोललेल्या कौलावर सोयरीक होत न्हाई, बापू." मेघाकडे न बघता, माझ्याकडे बघत बोलली ती. मेघाने आत्याचा दंड मात्र सोडला नाही, उलट पायऱ्या आल्या तशी जास्त घट्ट धरला. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, माझ्या तोंडून न जाता. मला वाटलं होतं मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

बाहेर ऊन रणरणत होतं. आम्ही चौकाभोवतीच्या गोल खांबांच्या सावलीत बसलो. मेघा पाण्याच्या नळाकडे बाटली भरायला गेली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली. बाटली भरून वाहत होती तरी ती बंद करत नव्हती. आक्का डोळ्यांवर पदर घेऊन बसली होती. काम संपलं म्हणून मी बाह्या सोडायला लागलो. डावी सोडली. मग उजवी. एक घडी, दुसरी, तिसरी... आणि सगळ्यात आतली घडी उलगडली तेव्हा काहीतरी माझ्या तळहातावर पडलं.

लाल दाणा. एका बाजूला बारीक भोक.

मी मूठ बंद केली. आजूबाजूला बघितलं, हुबेहूब तसंच जसं चिठ्ठी सापडण्याआधी पोरं बघतात. कुणी पाहिलं नव्हतं. नुसती बोटं झटकली असती तर तो दाणा त्या दगडांच्या फटीत गेला असता आणि कबुतरांनी खाल्ला असता. नकार पक्का होता. मला काहीही करायचं नव्हतं, फक्त बोटं सैल करायची होती. नळापाशी माझी पोरगी पाठ करून उभी होती. मला तिची आई आठवली. का ते मला नाही सांगता येत.

मी म्हणालो, "आक्का, हात पुढं कर."

तिने दाणा डोळ्यांजवळ नेला. नखाने भोक चाचपलं. आणि मला आजवर छळणारी गोष्ट ही आहे की तिला अजिबात नवल वाटलं नाही.

"पडला म्हण की," ती म्हणाली. "तुज्यावर पडला."

तिने मेघाला हाक मारली.

आता चौकशी. मी ती तिथेच खांबांच्या सावलीत सुरू केली. आक्काचे दोन्ही हात, पदराची गाठ, कमरेची चंची, सगळं बघितलं. तिने मुकाट्याने दाखवलं. मेघाची पर्स बघितली. रडता रडता तिने मला ती उघडून दिली, तेव्हा मात्र मला स्वतःची लाज वाटली. जोबी तर अजून आलाच नव्हता. तो आला तेव्हा आम्ही तिघंही रडत होतो आणि बिचाऱ्याला वाटलं आपल्याला नकार मिळाला. तो मागे वळून जायला लागला होता. आक्काने त्याला मनगट धरून बसवलं.

माझा पहिला तर्क — लाल दाणे दोन असणार. एक मूर्तीवर, एक आधीच माझ्या बाहीत. पण इस्त्री मी केली, घड्या मी घातल्या, प्रत्येक घडी बोटाने दाबली. ज्वारीचा टणक दाणा बोटाला लागल्याशिवाय राहिला नसता. तरी धरून चालू की लागला नाही. मग मी मोबाईलमधला फोटो मोठा करून बघितला. मूर्तीच्या पावलावरच्या लाल दाण्याला एका बाजूला बारीक काळा ठिपका आहे. कीड. तेच भोक, त्याच जागी. फोटो काढल्यानंतर मी त्या मूर्तीजवळ गेलोच नाही, आणि माझ्या बाह्या तर आत शिरायच्या आधीपासून बंद होत्या.

गावी परत आल्यावर डोंगरावर जाऊन गुरवाला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "सर, कौलाला दोनच दाणे देतेत. तिसरा देऊन काय करू?" मग मला वर विचारतो, तुमी तर मानत न्हाई ना. मी डोंगर उतरायला लागलो.

मेघाचं लग्न झालं. एकदा इकडच्या पद्धतीने, एकदा त्यांच्या. जोबी चांगला मुलगा आहे, असं आतापर्यंत तरी दिसतंय. माझी चौकशी अजून चालूच आहे आणि त्याला ते माहीत आहे. आक्काला मी अजूनही मधूनच अचानक विचारतो, दुसऱ्याच विषयावर बोलता बोलता, म्हणजे ती बेसावध सापडेल. ती भाकरी थापता थापता म्हणते, "तुज्या बाहीत सापडला अन् मला इचारतूस व्हय?" दाणा तिने देव्हाऱ्यात ठेवलाय. शर्ट मी धुतलेला नाही, घडी करून कपाटात आहे.

यंदा पुन्हा भरारी पथकात होतो. गावाचं नाव लिहीत नाही. एका वर्गात कडेच्या बाकावरची एक मुलगी अस्वस्थ वाटली. तिची बाही उलगडायला लावली, तर आतल्या घडीतून चिठ्ठी पडली. ती उभी राहिली, रडली नाही, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "सर, आईशप्पथ, ही कुठून आली मला म्हाईत न्हाई."

बाजूचे पर्यवेक्षक हसले. रोजचंच वाक्य ते. मी एरवी पेपर काढून घेतला असता, पुढचं सगळं हाताला पाठ आहे. पण मी तिथे नुसता उभा राहिलो. चिठ्ठी खिशात घातली आणि तिला म्हटलं, बस, लिही. खरं सांगत होती की खोटं, मला माहीत नाही. बहुतेक खोटंच असणार.

वर्गाबाहेर आल्यावर मी माझ्या बाह्या सोडल्या. हल्ली सोडताना डोळे मिटून घेतो.